किती सोसायचे, किती थांबायचे

शेतातल्या डीपीची पेटी उघडून पाहिली, तर आत चिनी मातीच्या किटकॅट दिसतात. चॉकलेटचे हे नाव तिथे कसे रुळले, हा वेगळा विषय आहे. पण वायरमनपासून शेतकऱ्यापर्यंत सगळे याच नावाने त्यांना ओळखतात. किटकॅटमध्ये ठरावीक जाडीची फ्यूज तार असायला हवी. पुष्कळदा तिथे ॲल्युमिनियमच्या जाड तारेचे पीळ दिलेले तुकडे दिसतात. कारण समजायला अवघड नाही. रब्बीत वीज ठरावीक तासच येते आणि बहुतेक मोटारींना 'ऑटो' बसवलेले असते. वीज आली की वीस-पंचवीस मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. फ्यूज उडतो. रात्री दोन वाजता, थंडीत, पुन्हा पुन्हा फ्यूज बांधायला जाणारा माणूस एक दिवस जाड तार टाकतो. मग फ्यूज उडत नाही. डीपी जळते, आणि नवी येईपर्यंत गहू वाळतो.

तांत्रिक भाषेत सांगायचे, तर त्या शेतकऱ्याने 'सेटिंग' बदललेले असते. संरक्षक साधनाने किती प्रवाह सोसायचा आणि किती वेळ सोसायचा, हे दोन आकडे म्हणजे सेटिंग. मी नोकरीची सगळी वर्षे स्विचगिअरची चाचणी घेण्यात घालवली. त्या काळात या दोन आकड्यांइतकी दुर्लक्षित आणि त्यांच्याइतकी निर्णायक दुसरी गोष्ट पाहिली नाही. विजेचा इतिहास जनित्रांचा, धरणांचा आणि दिव्यांचा म्हणून लिहिला जातो. एडिसन आणि टेस्ला यांच्यावर मराठीतही पुस्तके आहेत. पण वीज केव्हा तोडायची हे कोणी, कसे आणि कशाच्या भरवशावर ठरवले, याचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. तो थोडा सांगावा, म्हणून हा लेख.

सुरुवात एडिसनपासूनच करावी लागते. त्याला फ्यूजचे पेटंट मे १८८० मध्ये मिळाले. न्यूयॉर्कमधले पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षांहून अधिक अवकाश होता. म्हणजे वीज विकायला लागण्याआधीच ती तोडायची कशी, याचा विचार झाला होता. उपाय साधा होता : मंडलात मुद्दाम एक दुबळी जागा ठेवायची. काही बिघडले तर आधी ती जागा वितळेल आणि बाकीचे वाचेल. फ्यूजमध्ये आकडा धातूतच असतो. तारेची जाडी, लांबी आणि मिश्रण ठरले की ती किती सोसेल हेही ठरले. फिरवायला काही नाही, वाचायलाही काही नाही. बदलायचे तर तारच बदलायची, आणि ती कोणीही बदलू शकतो.

पुढचे मोठे पाऊल जर्मनीतल्या मानहाइम शहरात पडले. ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्यात हाइनरिश शाख्टनरसोबत झालेल्या कामातून १९२४ मध्ये छोट्या स्वयंचलित सर्किट ब्रेकरचे पेटंट घेतले गेले. आज आपल्या घरात असलेल्या एमसीबीचा तो पूर्वज. त्यात दोन वेगवेगळे पहारेकरी एका डबीत बसवले होते. एक होती द्विधातूची पट्टी. तापली की हळूहळू वाकणारी. दुसरे होते विद्युतचुंबक. मोठा प्रवाह आला की तत्काळ खेचणारे. ही जोडी महत्त्वाची आहे, कारण तिच्यामागे एक नीट ओळखलेला भेद आहे. थोडा जास्त भार हा गुन्हा नव्हे. तो बराच वेळ टिकला तरच गुन्हा. शॉर्टसर्किट मात्र पहिल्या क्षणापासून गुन्हा. पहिल्याला सवलत द्यायची, दुसऱ्याला नाही.

द्विधातूच्या पट्टीला एक खोड आहे. तिला प्रवाहाची उष्णता आणि हवेची उष्णता यांतला फरक कळत नाही. मे महिन्यात नागपुरात पत्र्याच्या पेटीत बसवलेला ब्रेकर आणि डिसेंबरात महाबळेश्वरला बसवलेला ब्रेकर सारखेच असले, तरी सारखे वागत नाहीत. कारखान्यांतल्या मोठ्या ब्रेकरची अवस्था आणखी विचित्र होती. त्यांच्यात विलंबासाठी तेलाचे डॅशपॉट असत. तेलाने भरलेल्या छोट्या नळकांड्यातून दट्ट्या सावकाश वर सरकायचा आणि तो वर पोचला की ब्रेकर सुटायचा. तेल नवे असेपर्यंत सगळे ठीक. मग त्यात धूळ जायची, तेल दाटायचे आणि पाच सेकंदांचे दहा, कधी पंधरा व्हायचे. पट्टीवर कोरलेला आकडा तोच राहायचा. माझ्या उमेदवारीच्या काळात असे काही ब्रेकर अजून कामात होते. चाचणीचा प्रवाह सोडून हातात स्टॉपवॉच धरायचे आणि वाट बघायची. काही वेळा वाट बघणे संपतच नसे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या यंत्रणेची जागा ट्रान्झिस्टरने घ्यायला सुरुवात केली. वेस्टिंगहाऊसचे 'ॲम्पटेक्टर' हे त्या पिढीतले एक नाव. ब्रेकरच्या आतच छोटे करंट ट्रान्सफॉर्मर बसवायचे. त्यांनी मुख्य प्रवाहाची लहान प्रतिकृती द्यायची, ती मोजायची आणि मर्यादा ओलांडली की आकडी सोडायची. गंमत म्हणजे या मंडलाला स्वतंत्र बॅटरी लागत नाही; ज्या प्रवाहावर पहारा ठेवायचा, त्याच्याकडूनच ते आपली भाकरी घेते. या पहिल्या पिढीलाही एक खोड होतीच. तिची मोजणी लाटेच्या शिखरावर चालायची. कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आणि कार्यालयांत संगणक आल्यावर प्रवाहाची लाट वेडीवाकडी झाली. शिखरे उंच, पण प्रत्यक्ष उष्णता तेवढी नाही. ब्रेकर विनाकारण सुटू लागले. १९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आला. तो लाटेचे अनेक नमुने घेऊन खरा उष्णतेचा आकडा काढू लागला, तेव्हा हा त्रास कमी झाला.

आता ब्रेकरच्या तोंडावर डायल आल्या. त्या वाचता येणे पुढच्या कथेसाठी आवश्यक आहे, म्हणून एक उदाहरण घेतो. सोळाशे अँपिअरचा ब्रेकर आहे. पहिली डायल ०.८ वर ठेवली, तर तो १२८० अँपिअरपर्यंत अखंड सोसेल. दुसरी डायल सांगते की याच्या सहा पट प्रवाह आला तर किती थांबायचे. समजा ८ सेकंद. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तिप्पट प्रवाहाला चौपट वेळ मिळतो, म्हणजे ३२ सेकंद. तिसरी आणि चौथी डायल शॉर्टसर्किटच्या छोट्या विलंबाची : अमुक पट प्रवाह आला तर सेकंदाचा एखादा दशांश थांब. पाचवी तत्काळ सुटण्याची. आणि शेवटची, जमिनीकडे गळणाऱ्या प्रवाहाची.

मुद्दा तिसऱ्या-चौथ्या डायलचा आहे. शॉर्टसर्किटला सवलत नाही असे श्टोट्झने ठरवले होते, मग इथे ती पुन्हा का द्यायची? तर खालच्या ब्रेकरला आधी संधी मिळावी म्हणून. रुग्णालयाच्या एका मजल्यावर तार जळाली, तर त्या मजल्याचा ब्रेकर सुटावा, तळघरातला मुख्य ब्रेकर नाही. म्हणून मुख्य ब्रेकरला सांगायचे : तुला सगळे दिसले तरी ०.३ सेकंद गप्प राहा. हे ठरवायला प्रत्येक ब्रेकरचा वक्र लॉगरिदमिक कागदावर काढत. ते पारदर्शक कागद काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवत, खालून दिवा लावत आणि वक्र कुठे एकमेकांना छेदतात ते बघत. संगणकाने ते टेबल घालवले. मला ते आवडायचे, कारण चूक डोळ्यांना दिसायची.

पण गप्प राहण्याची किंमत असते. ती पहिल्यांदा नीट मांडली आर. एच. कॉफमन आणि जे. सी. पेज या दोन अमेरिकी अभियंत्यांनी, १९६० च्या त्यांच्या निबंधात. त्या काळात अमेरिकेत ४८० व्होल्टच्या मोठ्या इमारती आणि कारखाने वाढत होते. तिथले मुख्य पॅनल कधी कधी पूर्ण जळून वितळलेल्या तांब्याचा गोळा व्हायचे. आणि ब्रेकर सुटलेलाच नसायचा! शॉर्टसर्किटला प्रचंड प्रवाह वाहतो, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. कॉफमन आणि पेज यांचे म्हणणे असे की, दोन धातू एकमेकांना घट्ट चिकटले तरच तो प्रवाह येतो. प्रत्यक्षात मध्ये ठिणगीचा झोत असतो, आणि त्या झोतालाही स्वतःचा विरोध असतो. ४८० व्होल्टला फेज आणि जमीन यांच्यामध्ये असा झोत पेटला, तर प्रवाह हिशोबातल्या आकड्याच्या सुमारे ३८ टक्क्यांपर्यंतच राहू शकतो. तेवढ्याने तत्काळ सुटणारी डायल हलत नाही. भाराची डायल याला नेहमीचा जास्त भार समजून अर्धा-एक मिनिट वाट बघत बसते. दरम्यान पॅनलच्या आत हजारो अंशांचा झोत तांबे खात राहतो.

मला हा निबंध या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. नवे यंत्र त्यात नाही. जुन्या आकड्यांकडे बघण्याची नजर आहे. सगळे ब्रेकर ठरल्याप्रमाणेच वागत होते. ठरवलेलेच चुकीचे होते. यातून जमिनीकडे जाणाऱ्या प्रवाहावर वेगळा, नाजूक पहारा ठेवण्याची कल्पना रुजली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने तो १९७१ च्या आवृत्तीत मोठ्या मुख्य स्विचांसाठी सक्तीचा केला. त्याच्या सेटिंगला वरची मर्यादाही घातली : १२०० अँपिअर, त्याहून जास्त नाही. वर सांगितलेली शेवटची डायल त्या जळालेल्या पॅनलांमधून आली.

याच दशकात आकड्याची दुसरी बाजू जगापुढे आली. ९ नोव्हेंबर १९६५, संध्याकाळचे ५ वाजून १६ मिनिटे. नायगारा धबधब्याजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातून टोरांटोकडे २३० किलोव्होल्टच्या पाच वाहिन्या जात होत्या. थंडीची संध्याकाळ, मागणी चढलेली. पाचांपैकी एका वाहिनीवरचा राखीव रिले चालला आणि वाहिनी सुटली. वाहिनीत काहीही बिघडलेले नव्हते. या रिलेचे सेटिंग १९६३ मध्ये ३७५ मेगावॅटला ठेवलेले होते. वाहिनीची खरी क्षमता याहून बरीच जास्त. ज्या वर्षी आकडा लावला, त्या वर्षी तो ठीक असणार. वाहिनीवरून तेवढी वीज जातच नव्हती. दोन वर्षांत मागणी वाढली, आकडा तिथेच राहिला. त्या संध्याकाळी नेहमीच्या चढउतारात प्रवाह त्याला टेकला.

एक वाहिनी गेल्यावर तिची वीज उरलेल्या चारांवर आली. त्यांच्यावरही तसेच रिले होते. तीन सेकंदांच्या आत चारही सुटल्या. टोरांटोकडे निघालेली वीज दिशा बदलून न्यूयॉर्क राज्याच्या जाळ्यात घुसली आणि ते जाळे फाटत गेले. पुढच्या दहा-बारा मिनिटांत न्यूयॉर्क शहर अंधारात बुडाले. सुमारे तीन कोटी लोक, आणि काही ठिकाणी तेरा तासांपर्यंत. लाखो प्रवासी भुयारी रेल्वेत अडकले. त्या रात्री पौर्णिमेचा चंद्र होता, एवढाच दिलासा.

बिघाड कुठे सुरू झाला, हेच पहिले काही दिवस कळले नाही. फेडरल पॉवर कमिशनने ६ डिसेंबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट मला रिलेपेक्षा महत्त्वाची वाटते. वाहिन्या चालवणाऱ्या माणसांना रिले ३७५ ला लावलेला आहे, हे ठाऊकच नव्हते. आकडा लावणारा विभाग वेगळा, भार वाहणारा विभाग वेगळा. काहींनी पुढे लिहिले की रिले 'बिघडला' किंवा 'चुकीचा लावला होता'. हे अजूनही छापले जाते. रिले बिघडला नव्हता. त्याला जे सांगितले होते ते त्याने अचूक केले, आणि काय सांगितले होते हे ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांना माहीत नव्हते. या घटनेनंतर १९६८ मध्ये वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेसाठी अमेरिकेत नर्क ही संस्था स्थापन झाली. (उच्चारावर जाऊ नये.)

तरीही १४ ऑगस्ट २००३ ला ओहायोत सॅमिस ते स्टार ही ३४५ किलोव्होल्टची वाहिनी याच तऱ्हेने सुटली आणि अंधार पाच कोटी लोकांपर्यंत पोचला. या वेळी रिले 'अंतर मोजणारा' होता. तो व्होल्टेजला प्रवाहाने भागतो. भागाकार लहान आला की बिघाड जवळ, मोठा आला की दूर. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचे, म्हणजे 'झोन थ्री'चे काम म्हणजे शेजारच्या वाहिनीचा पहारेकरी झोपला तर आपण थोडे थांबून सुटायचे. पण वाहिनीवर भार फार वाढला आणि व्होल्टेज खाली बसले, तर भागाकार लहान होतोच. भार दूरच्या बिघाडासारखा दिसतो. भागाकारावरून कारण कळत नाही.

आणि मग आपल्याकडे. ३० जुलै २०१२, पहाटेचे २ वाजून ३३ मिनिटे. पश्चिम विभागात त्या दिवसांत मागणी कमी होती. उत्तरेत पाऊस रुसलेला, भातशेतीचे पंप आणि शहरांतले एसी जोरात. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज ओढली जात होती. बिना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरचे एक मंडल व्होल्टेज वाढवण्याच्या कामासाठी आधीच बंद ठेवलेले होते. उरलेल्या ४०० किलोव्होल्टच्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर ताण आला आणि तिचा रिले झोन थ्रीमध्ये चालला. वाहिनीत कोणताही बिघाड आढळला नाही. उत्तर विभागाची सुमारे ३६,००० मेगावॅट वीज गेली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, तीच वाहिनी, तोच झोन, तेच कारण. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग गेले, सुमारे ४८,००० मेगावॅट. त्या राज्यांत राहणाऱ्यांची संख्या साठ कोटींच्या वर. दिल्लीची मेट्रो थांबली, रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, पश्चिम बंगालच्या कोळसा खाणींत सुमारे दोनशे कामगार जमिनीखाली अडकले. ते सगळे सुखरूप वर आले.

महाराष्ट्राचा पश्चिम विभाग दोन्ही दिवस टिकला. त्यामुळे आपल्याकडे या घटनेची आठवण 'दिल्लीत लाईट गेली होती' एवढीच आहे. पण ज्या वाहिनीपासून सुरुवात झाली, तिचे बिनाकडचे टोक आपल्याच विभागात होते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या समितीने १६ ऑगस्ट २०१२ ला अहवाल दिला. वृत्तपत्रांनी त्यातून राज्यांनी जास्त वीज ओढल्याचा भाग उचलला. तो खोटा नाही. पण अहवालाचा कोरडा, तांत्रिक भाग वाचला तर दुसरेच चित्र उभे राहते. वारंवारता घसरली की काही भार आपोआप तोडणारे रिले उत्तर विभागात होते. कागदावर त्यांचा हिशोब भरभक्कम होता. वेळ आली तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षेइतका भार सुटला नाही. झोन थ्रीच्या सेटिंगचा सगळीकडे पुन्हा विचार करावा, अशी शिफारस समितीने केली. २००३ नंतर अमेरिकेने नेमके हेच केले होते : वाहिनीच्या आणीबाणीच्या क्षमतेच्या दीडपट भारालाही रिले चालता कामा नये. ही शिफारस जाहीर होती, कोणालाही वाचता येत होती.

मोठ्या जाळ्यांकडून पुन्हा तळघरातल्या पॅनलकडे येतो, कारण तिथे एक माणूस उभा असतो. राल्फ ली या अमेरिकी अभियंत्याने १९८२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विजेचा दुसरा धोका, असे त्याच्या शीर्षकातच होते. तोवर विजेचा धोका म्हणजे झटका. लीने हिशोब मांडला तो झोताच्या उष्णतेचा : तारेला हात न लावता, काही फुटांवर उभा असलेला माणूसही प्राणघातक भाजू शकतो. ही उष्णता झोत किती वेळ पेटता राहिला, त्या प्रमाणात वाढते. ०.३ सेकंदांऐवजी ०.०५ सेकंदांत वीज तुटली, तर ती एक षष्ठांश होते. रुग्णालयाचा मजला उजेडात राहावा म्हणून मुख्य ब्रेकरला दिलेले ते ०.३ सेकंद आता पॅनलसमोर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनच्या कातडीवर मोजले जाऊ लागले.

यावर निघालेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. काम करण्यापूर्वी एक स्विच फिरवायचा. तेवढ्यापुरता ब्रेकर सगळी सवलत विसरून तत्काळ सुटायच्या तयारीत राहतो. काम संपले की स्विच मूळ जागी. मुख्य ब्रेकरला तत्काळ सुटण्याची सोय नसेल, तर असा काही तरी उपाय हवाच, असे अमेरिकेच्या संहितेने २०११ च्या आवृत्तीत घातले. आपल्याकडे अशी सोय असलेले ट्रिप युनिट मिळतात. मागवणारे थोडे, कारण निविदेत ती ओळच नसते.

बहुतेक ट्रिप युनिट कारखान्यातून येताना बऱ्याच डायल अगदी खाली ठेवून येतात, म्हणजे लवकर सुटतील अशा. हिशोब करून त्या लावायच्या, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात इमारत सुरू होते, पहिल्या उन्हाळ्यात लिफ्ट आणि एसी एकदम चालतात, ब्रेकर सुटतो, सोसायटीचा सचिव कंत्राटदाराला फोन करतो. कंत्राटदार बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. निवृत्तीनंतर सल्ल्यासाठी मी ज्या इमारतींत गेलो, त्यांतल्या एका व्यापारी संकुलात चार ब्रेकरच्या सगळ्या डायल शेवटच्या टोकाला फिरवलेल्या होत्या, जमिनीच्या प्रवाहाची तर बंदच. मी मूळ सेटिंगचा कागद मागितला. व्यवस्थापकांनी फाइल काढली. तिच्यात पॅनलची पावती होती, वॉरंटी कार्ड होते, उद्घाटनाचे फोटोही होते.

डायलवर एक पारदर्शक झाकण असते. त्याला सील लावण्यासाठी बारीक भोक ठेवलेले असते, मीटरला असते तसेच. नव्या युनिटमध्ये त्याच्या जोडीला संकेतशब्द असतो, आणि आकडा केव्हा बदलला याची तारखेसह नोंद राहते. त्या संकुलात मी नवा हिशोब करून डायल लावल्या आणि चारही झाकणांना सील लावले. आकड्यांचा तक्ता लॅमिनेट करून पॅनलच्या दाराला आतून चिकटवला. तक्त्याखाली तारीख घातली आणि भार वाढला की हा तक्ता पुन्हा तपासावा, असे मराठीत लिहिले, कारण रात्रपाळीच्या वायरमनला तीच भाषा येत होती.